आदिमानवाला धर्म का सुचला?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



दरवर्षी या व्यासपीठावरून शिक्षणाचे महत्त्व सांगितले जाते. ते सांगायलाच हवे. परंतु आज मी एका प्रश्नाबद्दल बोलणार आहे. हा प्रश्न माझा नाही, माझ्या वर्गातल्या एका मुलीचा आहे. अश्मयुगाचा धडा चालू होता. दगडी हत्यारे, गुहा, शिकार, अग्नी असे सर्व सांगून झाले. मी विचारले, "कोणाला काही शंका?" एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, तेव्हा मशीद नव्हती, मंदिर नव्हते, पुस्तकही नव्हते. मग ते लोक दुआ कोणाकडे मागत होते? आणि मागावी असे त्यांना वाटले तरी कशाने?"

तास संपल्याची घंटा झाली म्हणून माझी सुटका झाली, हे मी आपल्यापुढे कबूल करतो. इतिहास घेऊन बी.ए. झालो, नंतर बी.एड. केले; पण या प्रश्नाचे उत्तर तोंडपाठ नव्हते. त्या रात्री पुस्तके काढून बसलो. पुढच्या तासाला जे सांगितले, त्यामुळे एक पालक माझ्यावर नाराज झाले. ती हकीगतही सांगणार आहे. परंतु आधी प्रश्नाचे उत्तर पाहू.

आदिमानवाच्या मनात काय होते हे आपल्याला कसे कळणार? त्याने काही लिहून ठेवलेले नाही. दुआ हवेत विरून जाते, तिचा अवशेष मातीत राहत नाही. परंतु एक गोष्ट मातीत राहते. ती म्हणजे कबर. मेलेल्या माणसाला माणसाने कसे निरोप दिला, हे हजारो वर्षांनंतरही खोदणाऱ्याला दिसते. म्हणून श्रद्धेचा शोध घेणारे विद्वान प्रथम कबरीकडे वळतात.

आफ्रिकेत केनिया देशाच्या किनाऱ्याजवळ पांगा या सैदी नावाची एक गुहा आहे. तेथे अडीच-तीन वर्षांच्या एका बालकाची कबर सापडली. २०२१ साली ती माहिती प्रसिद्ध झाली. ही कबर सुमारे ७८,००० वर्षांपूर्वीची आहे. मूल कुशीवर निजवलेले होते, गुडघे छातीशी घेतलेले होते. त्याला कशात तरी गुंडाळले असावे आणि डोक्याखाली उशीसारखे काही ठेवले असावे, असे हाडांच्या स्थितीवरून संशोधकांना दिसले. त्यांनी त्या मुलाला नाव दिले 'म्तोतो'. स्वाहिली भाषेत या शब्दाचा अर्थ 'मूल' असा आहे.

याहूनही जुनी कबर नाझरेथजवळच्या काफ्झेह गुहेत आहे. ती ९०,००० वर्षांपेक्षा अधिक जुनी मानतात. तेथे बारा-तेरा वर्षांच्या एका मुलाच्या छातीवर हरणाची शिंगे ठेवलेली आढळली. रशियात सुंगीर येथे सुमारे ३४,००० वर्षांपूर्वी दोन मुलांना डोक्याला डोके लावून पुरलेले सापडले. त्यांच्या अंगावर हस्तिदंती मणी होते, आणि ते दहा हजारांहून अधिक होते. हत्तीसारख्या एका प्राण्याच्या दातापासून एक एक मणी घासून घडवायचा आणि असे हजारो मणी मातीत पुरून टाकायचे! पोटाची भ्रांत असलेल्या शिकारी टोळीने हे का केले असेल?

आता दूरचा देश सोडून आपल्या महाराष्ट्रात येऊ. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झेड. डी. अन्सारी या तिघांच्या नावे त्याचा मोठा अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. यातील अन्सारी हे नाव मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो. आपल्यातील मुलांनी डॉक्टर आणि इंजिनिअर व्हावे असे आपण म्हणतो. जमिनीखालचा महाराष्ट्र उजेडात आणणाऱ्यांतही आपले एक नाव आहे, हे त्यांना ठाऊक असावे.

इनामगावी इ.स.पूर्व १६०० ते ७०० या काळात शेतकऱ्यांची वस्ती होती. मातीच्या भिंतींची घरे, अंगणात चुली, धान्य साठवायच्या कणगी, जव आणि गव्हाची शेती, गुरेढोरे असे सगळे आपल्या ओळखीचे. या वस्तीत अडीचशेहून अधिक दफने सापडली. त्यांतील बरीच लहान मुलांची होती. मूल गेले की मातीची दोन मडकी घेत, त्यात त्याचा देह ठेवत आणि मडक्यांची तोंडे एकमेकांना जुळवून ती आडवी पुरत. कोठे पुरत? गावाबाहेर नव्हे. राहत्या घराच्या जमिनीत खड्डा करून तेथेच पुरत आणि वरून जमीन पुन्हा सारवून घेत. शेजारी लहान वाट्या आणि भांडी ठेवत. मोठ्या माणसांना उत्तरेकडे डोके करून घरातच किंवा अंगणात पुरत. परंतु त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. मृताने घर सोडून भटकत जाऊ नये, अशी त्यामागची समजूत असावी, असा उत्खनन करणाऱ्यांचा तर्क आहे.

याच इनामगावी एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची झाकणाची पेटी मिळाली. तिच्याबरोबर मस्तक नसलेली स्त्रीमूर्ती आणि मातीचा बैल होता. घराचे, पिकाचे, लेकराबाळांचे रक्षण करणारी कोणी शक्ती आहे अशी त्या लोकांची भावना असावी.

हे सर्व मी वर्गात सांगितले. मडक्यांचे सांगताना वर्ग शांत झाला. मागच्या बाकावरचा, फारसा न बोलणारा एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, त्याला घराबाहेर ठेवायला त्याच्या अम्मीचा जीव झाला नसेल."

मित्रांनो, मी या विषयावर जी पुस्तके वाचली, त्यांतील कोणत्याही वाक्यापेक्षा हे वाक्य मला अधिक खरे वाटले. आदिमानवाला धर्म का सुचला, याचे पहिले कारण या वाक्यात आहे. जनावरही आपल्या पिलाजवळ काही काळ घुटमळते. पण ते गेले कोठे, हा प्रश्न माणूसच विचारतो. काल बोलणारा, हसणारा आपला माणूस आज थंड पडला आहे. डोळे तेच, हात तेच. मग यातून निघून गेले ते काय? आणि जे गेले ते कोठे आहे? या प्रश्नातून माणसाचे लक्ष दिसणाऱ्या जगापलीकडे गेले.

बाराव्या शतकात अंदलुसमध्ये, म्हणजे मुसलमानी अमलाखालच्या स्पेनमध्ये, इब्न तुफैल नावाचे एक हकीम आणि तत्त्वज्ञ होऊन गेले. त्यांचे निधन ११८५ साली झाले. त्यांनी 'हय्य इब्न यक्झान' नावाची एक कथा लिहिली. एका निर्मनुष्य बेटावर एक बालक हरिणीच्या दुधावर वाढते. ही हरिणीच त्याची आई. एके दिवशी ती मरते. मुलगा तिला हाका मारतो, हलवतो. ती उठत नाही. तेव्हा तिच्यातून काय नाहीसे झाले हे शोधण्यासाठी तो तिची छाती उघडून पाहतो. तेथे त्याला ते सापडत नाही. पुढे एक कावळा मेलेल्या कावळ्याला मातीत पुरताना दिसतो आणि मुलगाही तसेच करतो. त्या एका दुःखापासून सुरू झालेला त्याचा विचार अखेर सृष्टीच्या निर्मात्यापर्यंत पोहोचतो. १६७१ साली या कथेचा लॅटिन अनुवाद ऑक्सफर्डला प्रसिद्ध झाला आणि युरोपातील विद्वानांनी ती आवडीने वाचली.

कावळ्याचा प्रसंग आपल्यातील लहान मुलांनाही माहीत असेल. कुरआन शरीफमध्ये सूरह अल-माइदामध्ये हजरत आदमच्या दोन मुलांची हकीगत आहे. भावाचा खून केल्यावर त्या देहाचे काय करावे हे काबीलला कळेना, तेव्हा जमीन उकरणाऱ्या कावळ्याकडून त्याला ते कळले. म्हणजे आपल्या धर्मग्रंथातही मानवजातीच्या आरंभी एक मृत्यू आहे, एक कबर आहे आणि एक पश्चात्ताप आहे.

मृत्यू हे पहिले कारण झाले. अभ्यासक आणखी काही कारणे सांगतात. तीही थोडक्यात पाहू.

दुसरे कारण स्वप्न. इंग्लंडचे एडवर्ड टायलर यांनी १८७१ साली असे मांडले की मेलेला बाप किंवा भाऊ स्वप्नात येऊन बोलतो, त्यावरून देहाहून वेगळा असा जीव आहे हे आदिमानवाने ताडले. मग माणसाला जीव आहे तसा झाडाला, नदीला, डोंगरालाही असावा, असे त्याला वाटले. आजचे विद्वान टायलर यांचे सर्व म्हणणे मान्य करीत नाहीत. परंतु मयत झालेल्या आईला स्वप्नात पाहून पहाटे उठून बसलेला माणूस ज्याने पाहिला असेल, त्याला या म्हणण्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही.

तिसरे कारण भय आणि असहायता. मालिनोव्स्की नावाचे अभ्यासक पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिक महासागरातील ट्रोब्रियांड बेटांवर राहिले. त्यांना एक गोष्ट दिसली. किनाऱ्यालगतच्या शांत पाण्यात मासे पकडताना तेथील लोक कोणताही मंत्रविधी करीत नसत. तेथे कसब पुरे पडत असे. मात्र खोल समुद्रात, जेथे वादळाचा भरवसा नाही, तेथे जाताना सर्व विधी कसोशीने होत. माणूस मूर्ख होता म्हणून त्याने विधी केले असे नव्हे. त्याचे कसब जेथे संपते, तेथे त्याने हात वर केले.

आपल्याला यासाठी पॅसिफिक महासागरात जायला नको. आपण उल्हास नदीच्या काठचे लोक आहोत. २६ जुलै २००५ चा पाऊस पालकांना आठवत असेल. २०१९ च्या जुलैमध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर–वांगणी दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली, तेव्हा हजाराहून अधिक प्रवाशांची बोटींनी सुटका करावी लागली. अशा रात्री पंप, होडी, दोर, मोबाईल सर्व काही जवळ असूनही घराघरांतून दुआ आणि प्रार्थना चालू असतात. तर ज्याच्याजवळ एक दगडाची कुऱ्हाड होती, त्याला काळ्या ढगांखाली काय वाटले असेल, याची आपण कल्पना करावी.

चौथे कारण मनाची ठेवण. अलीकडचे मानसशास्त्रज्ञ हे कारण मांडतात. रानात गवत सळसळले. वारा असेल किंवा वाघ असेल. वारा असताना वाघ समजून पळालेला माणूस फार तर दमला. वाघ असताना वारा समजून बसून राहिलेला मेला. म्हणून हालचालीमागे 'कोणीतरी आहे' असे आधी समजण्याची सवय माणसाच्या मनात मुरली. ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील वारली, ठाकूर, महादेव कोळी आदी समाज वाघोबाला मानतात. लाकडावर किंवा दगडावर वाघाची आकृती कोरलेली असते. ज्याचे भय, त्याच्याशीच करार: तू आमच्या गुरांना आणि माणसांना जप, आम्ही तुझा मान ठेवू. भीतीचे रूपांतर नात्यात करण्याची ही रीत आहे.

पाचवे कारण समूह. फ्रान्सचे एमिल दुर्खेम यांनी १९१२ साली सांगितले की धर्म हा एकट्याच्या मनात जन्मत नाही, तो लोक एकत्र जमतात तेथे जन्मतो. याला एक मोठा पुरावा तुर्कस्तानात उर्फा शहराजवळ गोबेकली तेपे येथे मिळाला आहे. परंपरेने हजरत इब्राहीम यांच्या जन्माशी जोडले जाते तेच हे उर्फा. तेथे १९९५ पासून खोदकाम झाले. इ.स.पूर्व ९५०० च्या सुमाराचे प्रचंड दगडी खांब वर्तुळात उभे केलेले सापडले. काही खांब पाच मीटरहून उंच आहेत आणि त्यांवर कोल्हे, साप, गिधाडे कोरलेली आहेत. हे खांब उभारणारे लोक शिकार करून आणि रानातले धान्य वेचून जगत होते. त्यांनी अजून नांगर धरला नव्हता. पूर्वी आपण शिकवीत होतो की आधी शेती, मग गाव, मग देवस्थान. येथे शेतीच्या आधीच शेकडो हात एका कामासाठी एकत्र आलेले दिसतात.

उल्हासनगरच्या वडीलधाऱ्यांना हे निराळ्या प्रकारे ठाऊक आहे. १९४७ नंतर सिंध सोडून आलेली हजारो कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. घर गेले, शेत गेले, शेजार गेला. त्या बराकींत पोटापाण्याच्या जोडीने लोकांनी पहिल्यांदा काय उभे केले असेल तर आपले टिकाणे, आपले दरबार आणि झुलेलालचे स्मरण. ज्या उदेरोलालला सिंधी हिंदू झुलेलाल म्हणतात, त्यालाच सिंधमधील मुसलमान शेख ताहिर म्हणून मानतात, आणि सिंधमध्ये त्यांचे स्थान दोघांचे एकच आहे. उखडलेल्या माणसाला चार भिंतींच्या आधी आपली माणसे हवी असतात, आणि ती माणसे एका नावाभोवती जमतात.

पालक बंधुभगिनींनो, आपण ज्या भूमीवर राहतो तिच्यात या श्रद्धांचे थर एकावर एक बसले आहेत. अंबरनाथला वालधुनीच्या काठी जे शिवमंदिर आहे, त्यावरील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा असून त्यात शिलाहार राजा मम्वाणी याचे नाव आहे. पलीकडे हाजी मलंगचा डोंगर आहे. तेथे कोण कोण चढून जाते, हे आपल्याला मी सांगायला नको. आणि याहून जुने थरही आहेत. आपल्या रेल्वेमार्गावरून पुणे–मुंबई असा प्रवास वर्षानुवर्षे डेक्कन क्वीनने करणारे एक गणिताचे प्राध्यापक होते. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. १९०७ साली गोव्यात जन्मलेल्या या विद्वानाने पुण्याच्या आसपासचे डोंगर पायी तुडवले आणि रानातील शेंदूर फासलेल्या दगडांचा, म्हसोबा-वेताळांचा आणि आयांच्या ठाण्यांचा अभ्यास केला. अनेक ठाण्यांजवळ त्यांना अश्मयुगीन माणसाची बारीक गारगोटीची हत्यारे मिळाली. त्यांनी असे दाखवले की ही ठाणी जुन्या पायवाटांवर आणि तिठ्यांवर आहेत. गुरे घेऊन हिंडणाऱ्या टोळ्या जेथे एकमेकींना भेटत तेथे ती आहेत. हे सर्व त्यांनी १९६२ साली पुस्तकरूपाने मांडले. म्हणजे आज ज्या दगडाजवळून एस.टी. जाते, त्याच्याजवळ हजारो वर्षांपूर्वीही कोणी थांबत होते.

आता मी ज्या पालकांचा उल्लेख केला, त्यांच्याकडे येतो. माझ्या त्या तासानंतर दोन दिवसांनी ते शाळेत आले. मागच्या बाकावरच्या त्या मुलाचे वडील. मी म्हटले, "बसा, भाई." ते बसले नाहीत. म्हणाले, "सर, तुम्ही मुलांना शिकवता की माणसाने भीतीपोटी धर्म बनवला. आम्ही घरी ईमान शिकवायचे आणि तुम्ही शाळेत ते उखडायचे, हे बरे नाही. दुसरे म्हणजे, तुम्ही मडक्यांतल्या मुलांचे सांगितलेत. ते याने घरी जाऊन सांगितले. त्याची अम्मी रात्रभर रडत होती."

मग ते खुर्चीवर बसले आणि हळू आवाजात त्यांनी सांगितले की गेल्या पावसाळ्यात त्यांचे आठ महिन्यांचे बाळ गेले. घरातला पाळणा अजून काढलेला नाही. काढू म्हटले की त्याची आई काढू देत नाही.

मला हे ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर तो धडा मी वेगळ्या तऱ्हेने घेतला असता. शिक्षकाने मुलांच्या घरची खबर ठेवली पाहिजे. ती मी ठेवली नव्हती. ही माझी चूक मी त्यांच्याजवळ कबूल केली आणि आज येथेही करतो.

परंतु त्यांच्या पहिल्या तक्रारीला मी जे उत्तर दिले, तेच आपणा सर्वांपुढे ठेवतो, कारण हा प्रश्न पुष्कळ पालकांच्या मनात असतो. कुदळीने मातीतून काय निघते? माणसाने काय केले आणि केव्हा केले, हे निघते. ज्याच्याकडे तो पाहत होता तो आहे की नाही, हे कुदळीने निघत नाही. तहान का लागते हे शरीरशास्त्र सांगते. म्हणून पाणी खोटे ठरत नाही. त्याचप्रमाणे माणसाच्या मनात श्रद्धा कोणत्या वाटेने आली हे सांगितल्याने ती खोटी ठरत नाही, आणि खरीही ठरत नाही. तो निवाडा इतिहासाच्या तासात होण्यासारखा नाही.

आपण मुसलमान असे मानतो की हजरत आदम हे पहिले मानव आणि पहिले पैगंबर, आणि आपल्या निर्मात्याकडे वळणे ही माणसाची फितरत आहे. पुराणवस्तुशास्त्र वर्षे मोजते, हाडे तपासते आणि आपल्या भाषेत बोलते. या दोहोंचा मेळ कसा घालायचा याविषयी आपल्या आलिमांमध्ये आणि विचारवंतांमध्ये मतभेद आहेत, आणि मी विद्यार्थ्यांपासून ते लपवीत नाही. मी एवढेच म्हणतो की माणसाच्या जुन्या वस्त्या उकरल्या, तेव्हा अनेक ठिकाणी त्याने आभाळाकडे पाहिल्याच्या खुणा मिळतात. केनियात मिळाल्या, रशियात मिळाल्या, घोड नदीच्या काठी मिळाल्या. यात श्रद्धावान माणसाने घाबरण्यासारखे काय आहे?

शिवाय प्रश्न विचारणे हे आपल्या परंपरेला परके नाही. सूरह अल-अनआममध्ये हजरत इब्राहीम (अलैहिस्सलाम) रात्री तारा पाहतात, मग चंद्र पाहतात, मग सूर्य पाहतात. प्रत्येक मावळतो, आणि जे मावळते ते माझे आराध्य नव्हे अशा निष्कर्षाला ते येतात. ही विचाराची वाट आहे. एक हजार वर्षांपूर्वी अल्-बिरूनी हिंदुस्थानात आले, संस्कृत शिकले आणि १०३० च्या सुमारास त्यांनी येथील धर्म आणि शास्त्रांवर मोठा ग्रंथ लिहिला. हिंदूंचे म्हणणे हिंदू जसे मांडतात तसेच मांडायचे, त्यात आपले भांडण घुसवायचे नाही, हा त्यांचा शिरस्ता. मूर्तिपूजेचा उगमही त्यांनी सांगितला. गेलेल्या थोरांची आठवण राहावी म्हणून प्रथम प्रतिमा झाल्या असाव्यात, असे कारण दिले. पुन्हा तेच: गेलेल्या माणसाची आठवण.

विद्यार्थ्यांना मी म्हणेन, हा अभ्यास करताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली, आदिमानवाला हसू नका. त्याचा मेंदू तुमच्या-आमच्या मेंदूसारखाच होता. त्याच्याजवळ पुस्तके नव्हती इतकेच. दुसरी, शेजाऱ्याच्या श्रद्धेला हसू नका. वाघोबापुढे नारळ फोडणारा, वालधुनीकाठच्या मंदिराची पायरी उतरणारा, झुलेलालपुढे ज्योत लावणारा आणि कबरस्तानात फातिहा पढणारा यांचे मार्ग निराळे आहेत, आणि ते निराळे आहेत हे आपण नाकारू नये. परंतु ज्या दुःखाने आणि ज्या आशेने माणूस त्या मार्गाला लागला, ते दुःख आणि ती आशा सर्वांची एक आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या गर्दीच्या गावांत एका इमारतीत, एका लोकलच्या डब्यात आपण सारे राहतो. एवढे समजले तरी पुष्कळ समजले.

आणि पालकांना माझी विनंती आहे: मुलाने प्रश्न विचारला तर त्याला गप्प करू नका. गप्प केलेला प्रश्न मरत नाही. तो मुलाबरोबर घराबाहेर पडतो आणि रस्त्यावर कोणाकडूनही उत्तर घेऊन येतो. तुम्हाला उत्तर येत नसेल तर "चल, आपण मिळून शोधू" असे म्हणा. मलाही ते उत्तर येत नव्हते.

ते पालक त्या दिवशी बराच वेळ बसले. जाण्यापूर्वी त्यांनी विचारले, "सर, त्या मडक्यांशेजारी वाट्या कशासाठी ठेवत होते?" मी सांगितले, "वाटेत मुलाला भूक लागेल म्हणून ठेवत असावेत." ते काही बोलले नाहीत. दाराशी गेल्यावर वळून म्हणाले, "हे त्याच्या अम्मीला सांगतो."

पुढच्या आठवड्यात तो मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आला. म्हणाला, "सर, अम्मीने पाळणा काढला. धुऊन माळ्यावर ठेवला. आणि तिने विचारले आहे की ते इनामगाव कोठे आहे."

मी त्याला भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशापुढे नेले आणि घोड नदीवर बोट ठेवून दाखवले.